विटकरी भिंतीपुढे गुलाबांचा वाफा करायचाय, रंग सुचवा

निवांत_पान:
मंडळी सल्ला हवाय. मागच्या भिंतीला लागून साधारण 20 फूट लांब, 4 फूट रुंद पट्टा मोकळा आहे. भिंत बिनप्लास्टरची, विटकरी. सकाळपासून दुपारपर्यंत 6 तास तरी चांगलं ऊन असतं. मिस्टर लिंकन, सुपरस्टार, क्वीन एलिझाबेथ आणि पीस अशी चार कलमं कुंड्यांत आहेत ती आता जमिनीत जातील, पण उरलेल्या जागेत काय घेऊ ते काही ठरत नाहीये. डोक्यात फक्त "भरपूर रंग" एवढंच आहे. आणि मधोमध एखादा निळा गुलाब, ऑनलाइन बिया दिसतात त्याच्या, घेऊ का?

खुरपं:
निळ्याच्या बिया अजिबात घेऊ नका, ते फोटो रंगवलेले असतात. निळेपणा आणणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबाच्या पाकळीत तयारच होत नाही. जपानच्या सनटोरीने दुसऱ्या फुलाचा जीन घालून केलेला गुलाब 2009 मध्ये विकायला काढला, तोही जांभळटच दिसतो. शिवाय संकरित गुलाब बीपासून आईसारखा येत नाही. निळं हवंच असेल तर गुलाबाच्या पायाशी निळा साल्व्हिया किंवा लॅव्हेंडर लावा, काम झालं.

रंगवेडी:
तुमच्या चौघांत खरं भांडण लिंकन आणि सुपरस्टारचं आहे. लाल म्हणून दोन्ही एकत्र लावाल तर फसाल, कारण लिंकनचा लाल निळ्याकडे झुकणारा मखमली आणि सुपरस्टारचा केशरीकडे झुकणारा, अगदी भडक. दोघं शेजारी आले की एक मळका दिसतो आणि दुसरा डोळ्यात घुसतो. क्वीन एलिझाबेथचा गुलाबीही थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणाऱ्या गटातला, तेव्हा लिंकनबरोबर जमेल, सुपरस्टारबरोबर नाही. आणि विटकरी भिंतीपुढे सुपरस्टार उठूनच दिसणार नाही. त्याला सरळ दुसरीकडे हलवा.

मातीतला:
अहो कशाला एवढं? हौसेचे गुलाब आहेत, सगळे लावा मिसळून, निसर्गात कोण मॅचिंग करतं.

रंगवेडी:
@मातीतला निसर्गात हायब्रीड टी, म्हणजे हे माणसाने केलेले मोठ्या फुलांचे संकरित गुलाब, पण नसतात हो दादा :) मिसळायला हरकत नाही, पण 20 फुटांत चार मोठे रंग म्हणजे प्रत्येकाला 5 फूट, नजर कुठेच ठरत नाही. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल या बागरचनाकार बाईंनी आपल्या बागेत केलेला वाफा प्रसिद्ध आहे, टोकांना राखाडी पानं, निळा, पांढरा, फिका पिवळा आणि मध्याकडे जाताना केशरी-लाल, मग परत उलट उतरत थंड रंग. पण तो जवळजवळ 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद होता!! आपण त्यातला एकच तुकडा उचलायचा, गरम तरी नाहीतर थंड तरी.

पानगळ:
ताई, एक विचारते, तुम्ही तिथे बसता कधी? कुठला रंग घ्यायचा ते मी तरी यावरूनच ठरवते.

निवांत_पान:
संध्याकाळीच. दिवसा कुठला वेळ, कामावरून आल्यावर अर्धा तास काय ते बसणं होतं, तेही अंधारून येईपर्यंत.

पानगळ:
मग लिंकन मुख्य ठेवू नका. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल आधी काळपट दिसायला लागतो आणि निळे, पांढरे, फिके रंग बराच वेळ टिकतात. तुमच्या वेळेला लिंकन म्हणजे नुसता सुवास, फूल दिसायचं नाही. सुवासासाठी बसायच्या जागेजवळ ठेवा, तेवढं त्याला पुरे. बाकी पट्ट्यात आईसबर्ग घ्या, 1958 चा जुना फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्याने फुलणारा गुलाब, कमरेएवढा राहतो आणि पांढरा विटकरीपुढे झकास दिसतो. पीसचा फिका पिवळाही संध्याकाळी छान. खाली चंदेरी पानांचं आर्टेमिसिया आणि निळा साल्व्हिया, पुढच्या कडेला पांढरं अलिसम.

निवांत_पान:
हे पटलं. म्हणजे सुपरस्टार कुंडीतच पुढच्या दारी, आणि इकडे तीन जुने + तीन आईसबर्ग? पुढेमागे कोण?

खुरपं:
सहा बरोबर, त्याहून जास्त कोंबू नका. दोन झाडांत 3 फूट आणि भिंतीपासून दीड फूट तरी सोडा, भिंतीलगतची माती लवकर सुकते आणि हवा खेळली नाही तर पानांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी येते. पानं तासन् तास ओली राहिली की ती बुरशी रुजते, म्हणून पाणी मुळाशी आणि सकाळी. क्वीन एलिझाबेथ आणि लिंकन उंच जातात, तेव्हा ती मागे आणि टोकांना, पीस मध्ये, आईसबर्ग थोडे पुढे ओढून. साल्व्हिया वगैरे खोडाला चिकटवून नको, वीतभर लांब.

पानगळ:
आणि रंग ठरवून लावताय तर कलमाच्या सांध्यावर लक्ष ठेवा. त्याच्या खालून, खुंटातून (ज्या झाडावर कलम बांधलंय त्याच्या खोडामुळांतून) जोमदार फुटवे येतात, पानं वेगळी दिसतात, ते वाढू दिले की मूळ कलम मागे पडतं आणि पुढे भलत्याच रंगाची फुलं दिसायला लागतात. कात्रीने छाटू नका, तिथूनच दुप्पट फुटतात. माती उकरून जिथून निघालाय तिथून ओढून काढा. हातमोजे घालून!