‘फ्रीझ’ या इंग्रजी शब्दाच्या दोन्ही अर्थांसाठी मराठी प्रतिशब्द हवे आहेत

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा मी अनुवाद करत आहे. त्यात ‘फ्रीझ’ (frieze) हा शब्द जमीनदाराच्या दिवाणखान्याच्या भिंतीवरील नक्षीदार पट्ट्यासाठीही येतो आणि त्याच्या कुळाच्या अंगावरच्या कोटाच्या जाड्याभरड्या लोकरी कापडासाठीही. पहिल्या खर्ड्यात मी त्या गरीब शेतकऱ्याला ‘नक्षीदार पट्ट्यांचा कोट’ घातला होता. चूक माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या वाचनात, तीही तो त्या कोटात चिखल तुडवत जातो म्हणून.

शब्दकोशांतून कळले ते असे. भिंतीच्या अर्थाचा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला असून त्याचे मूळ फ्रिजिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एका प्राचीन प्रदेशाच्या नावात असल्याचे मानले जाते; तिथले भरतकाम प्रसिद्ध होते. कापडाचा अर्थ मात्र फ्रेंचमधून आला आणि त्याचा संबंध ‘कुरळे करणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. हे कापड जाडेभरडे, लोकरीचे. विणल्यावर ओले करून कुटून दाट केलेले आणि एका बाजूला लव उठवलेले असे. आयर्लंडच्या खेड्यांत त्याचे लांब, जड कोट सर्रास वापरले जात.

कापडाचीच अडचण मोठी आहे. ‘घोंगडी’ म्हटले की चिंचोक्याची खळ दिलेली, खांद्यावर टाकलेली धनगराची घोंगडी डोळ्यांसमोर येते. शिवाय ते एका वस्तूचे नाव आहे, कपडे शिवण्याच्या कापडाचे नव्हे. ‘बनात’ हा एका लोकरी कापडाचा जुना शब्द मला फार आवडतो, पण बनात तलम आणि प्रतिष्ठेची. ती या कुळाला परवडणार नाही, आणि लेखाचा सगळा रोख तर त्याच्या दारिद्र्यावर आहे. ‘जाडीभरडी लवदार लोकर’ असे वर्णन एकदा खपेल, पण हा शब्द लेखात अकरा वेळा येतो.

भिंतीसाठी ‘शिल्पपट्ट’ हा शब्द अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराला शोभतो, कारण तिथला सुमारे १६० मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर उंचीचा पट्ट खरोखरच संगमरवरात कोरलेला आहे. ग्रीक वास्तुरचनेत खांबांवरची तुळई आणि वरचा कंगोरा यांच्या मधला हा भाग असतो. माझ्या लेखातला पट्टा मात्र छताखाली चिकटवलेल्या नक्षीदार कागदाचा आहे, त्यामुळे तिथे ‘शिल्प’ खोटे ठरते. आपल्या मंदिरांतील ‘गजथर’, ‘नरथर’ (हत्तींच्या, माणसांच्या शिल्पांच्या रांगा) यांमधला ‘थर’ हा शब्द अस्सल आहे, पण हे थर बहुधा खाली, जोत्यावर असतात. एका स्नेह्यांनी ‘काठ’ सुचवला. भरतकामाच्या मूळ अर्थाशी तो छान जुळतो. तरीही भिंतीचा काठ म्हटल्यावर वाचक कडेचाच विचार करील, अशी मला शंका आहे. सध्या मी ‘नक्षीपट्टी’ लिहून ठेवले आहे.

मूळ शब्दच देवनागरीत लिहावा, तर घरोघरी ‘फ्रीज’ आहे आणि ‘फ्रीझचा कोट’ वाचून कुणालाही थंडीच वाजेल.

तेव्हा माझे प्रश्न दोन आहेत. ‘नक्षीपट्टी’पेक्षा नेमका शब्द गवंडीकाम, रंगकाम किंवा जुन्या वाड्यांच्या वर्णनांत कुणी ऐकला किंवा वाचला आहे का? आणि जाड, लव उठवलेल्या, गरिबाच्या लोकरी कापडाला विणकरांत किंवा जुन्या कापडदुकानांत स्वतंत्र नाव होते का? शब्द कोणत्या भागातला आहे, हेही सांगितल्यास त्याची छटा ठरवणे मला सोपे जाईल. खर्डा द्यायला अजून पंधरा दिवस आहेत.