वाढीव रॅमची चढी किंमत: खर्च की अडवणूक?

धागाकर्ता: संगणकाच्या मूळ मॉडेलची किंमत वाजवी वाटते, पण रॅम किंवा स्टोरेज एक पायरी वाढवले की आकडा भलताच चढतो. ॲपलने मॅकमध्ये 8 जीबीऐवजी 16 जीबी रॅम देण्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षे 200 डॉलर आकारले, आणि त्याच काळात तेवढी सुटी रॅम त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळत होती. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पट्टीवर कायमची जोडलेली असली की ग्राहकाला नंतर भर घालता येत नाही. मग कंपनी म्हणेल तो भाव. माझ्या मते ही अडवणूक आहे.

पहिला प्रतिसाद: असहमत. एलपीडीडीआर या प्रकारची रॅम कमी विजेवर चालते आणि ती प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितका सिग्नल वेगातही शुद्ध राहतो, म्हणून ती सोल्डर करतात. दुरुस्तीला सोप्या लॅपटॉपसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क या कंपनीनेही आपल्या 2025च्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच केली आहे. तिथेही अडवणूकच म्हणायची का?

धागाकर्ता: रॅम का बदलता येत नाही, एवढेच यातून कळते, ती महाग का, हे नाही. ऑक्टोबर 2024मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची मूळ रॅम 16 जीबी केली आणि सुरुवातीची किंमत मात्र तीच ठेवली. कालपर्यंत ज्या वाढीव 8 जीबीचे 200 डॉलर पडत होते, ते एका दिवसात फुकट कसे झाले?

दुसरा प्रतिसाद: कारण ती किंमत खर्चावरून ठरलेलीच नव्हती. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने 1849मध्येच लिहून ठेवले आहे की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालत नाहीत, ते छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. इथेही वरच्या मॉडेलवरचा नफा मूळ मॉडेल स्वस्त ठेवायला उपयोगी पडतो, आणि अपग्रेड स्वस्त करायला लावले तर मूळ किंमत वाढण्याचीच शक्यता अधिक.

तिसरा प्रतिसाद: हा हिशेब जास्त रॅम घेणारा सधनच असतो असे धरून चालतो. व्हिडिओ संपादन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 8 जीबी पुरत नाही, आणि केवळ ईमेल पाहणाऱ्या श्रीमंताचे त्यात सहज भागते. म्हणजे भुर्दंड ऐपतीवर नव्हे, कामावर बसतो. शिवाय आता सोल्डरिंगची सबब सगळीकडे चालणारी नाही. एलपीडीडीआर असूनही स्क्रू काढून बदलता येणारे एलपीकॅम2 मॉड्यूल लेनोव्होने 2024च्या थिंकपॅड पी1 लॅपटॉपमध्ये वापरले आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ते बसवता येत असताना जे उत्पादक ते टाळतात, त्यांनी त्याचे कारण ग्राहकाला सांगायला हवे.