खासगी प्रॅक्टिस : क्लायंटशी फोन आणि मेसेज सुरक्षित कसे ठेवावेत?

शांतरेषा

समुपदेशनाची स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करते आहे. मदतनीस नाही, फोन मीच उचलणार. फोन अँड्रॉइड, दोन सिमचा. वेळ ठरवणं, बदलणं, आठवण करून देणं आणि कधीमधी फोनवर सेशन, एवढं सगळं त्यावरच होईल. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

दुसरं सिम पुरेल की वेगळा फोनच हवा? साधा एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल (हेही मेसेज-कॉलचं अ‍ॅप) यांतलं काय वापरावं? बहुतेक क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत आणि तिथे एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येण्याची सोय) आहेच, मग प्रश्न सुटला का? आणि क्लायंटने रात्री लांबलचक, सेशनमध्ये बोलायचा मजकूर पाठवला तर तो फोनमध्ये ठेवायचा की पुसायचा?

कुलूपकिल्ली

एन्क्रिप्शनपासून सुरुवात करतो, कारण तिथेच खोटा दिलासा मिळतो. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन मेसेजला वाटेत जपतं. तुमच्या फोनची लॉक स्क्रीन, त्यांच्या फोनची लॉक स्क्रीन, दोन्हीकडचे बॅकअप, जोडलेले लॅपटॉप यांतलं काहीच ते जपत नाही. समुपदेशकाच्या कामात खरी काळजी या टोकांचीच घ्यावी लागते.

एसएमएस मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून वाचता येईल अशा रूपात जातो. शिवाय कुणी तुमच्या नावाने तुमच्याच नंबराचं दुसरं सिम काढून घेतलं तर पुढचे सगळे एसएमएस त्याच्याकडे जातात. तरीही आठवण करून द्यायला एसएमएस चालतो. अट एवढीच की तो दुसऱ्या कुणी वाचला तरी काही कळू नये. संस्थेचं नाव, 'सेशन', 'थेरपी', 'समुपदेशन' यांतलं काही नको. "उद्या बुधवारी सायं. ५ ची भेट नक्की. बदल असल्यास आजच कळवा." एवढं पुरे. देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांचा असतो, रोमन १६० चा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी चिन्हं वेगळी मोजली जातात. ७० च्या वर गेलात की मेसेजचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे लागू शकतात. वरचं वाक्य ५७ मध्ये बसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर राहणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा:

- चॅट बॅकअपमध्ये 'एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप' सुरू करा, नाहीतर बॅकअप पूर्ण बंद ठेवा. हा पर्याय आपोआप सुरू नसतो. तो नसेल तर गुगल ड्राइव्हवरच्या प्रतीला चॅटसारखं संरक्षण मिळत नाही. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर बॅकअप कायमचा गेला. ती कागदावर लिहून कुलपात ठेवा.
- टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ अंकी पिन लावा. तुमचं सिम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी यामुळे खातं लगेच जात नाही.
- 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. क्लायंटने पाठवलेला डायरीच्या पानाचा फोटो गॅलरीत उतरतो, तिथून क्लाउडवर जातो आणि घरच्यांसोबत शेअर केलेल्या अल्बममध्येही जाऊ शकतो.
- 'लिंक्ड डिव्हायसेस' महिन्यातून एकदा उघडा. न ओळखणारा संगणक दिसला की काढून टाका.
- क्लायंटचा ग्रुप कधीही करू नका, सुट्टी कळवायलासुद्धा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कोण, कुणाशी, कधी बोललं ही माहिती कंपनीकडे जाते, मजकूर जात नाही. मानसोपचारात 'कुणाशी' हीच माहिती नाजूक असते, म्हणून पर्याय देता येत असेल तेव्हा मी सिग्नल सुचवतो. सिग्नलमध्ये २०२४ पासून युजरनेम घेता येतं. प्रायव्हसीत 'फोन नंबर' या पानावर 'नंबर कोण पाहू शकतं' आणि 'नंबरावरून मला कोण शोधू शकतं' दोन्ही 'कुणीही नाही' ठेवा आणि क्लायंटना युजरनेमची लिंक द्या. 'रजिस्ट्रेशन लॉक' लावा, म्हणजे पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येत नाही. 'ऑल्वेज रिले कॉल्स' सुरू करा, म्हणजे कॉलमध्ये तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) समोरच्याला दिसत नाही. आवाजाचा दर्जा थोडा उतरू शकतो.

सिग्नलमध्ये प्रत्येक चॅटला, समोरचा खरोखर तोच आहे हे पडताळण्यासाठी, ६० अंकी सेफ्टी नंबर असतो. पहिल्या प्रत्यक्ष भेटीत दोघांनी क्यूआर कोड स्कॅन करून तो पडताळून घ्या. पुढे 'सेफ्टी नंबर बदलला' असं दिसलं तर बहुधा त्यांनी फोन बदललेला असतो किंवा अ‍ॅप पुन्हा टाकलेलं असतं. पण फोनवर आवाज ऐकून खात्री होईपर्यंत काही नाजूक लिहू नका.

टेलिग्राम टाळा. तिथली नेहमीची चॅट एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नसते. ते फक्त 'सिक्रेट चॅट'मध्ये मिळतं.

आता सिम की फोन. दुसऱ्या सिममुळे कॉल वेगळे होतात, फोनबुक मात्र एकच राहतं. संपर्कांची परवानगी घेतलेलं प्रत्येक अ‍ॅप तुमच्या क्लायंटची नावं वाचू शकतं. म्हणून वेगळा फोन उत्तम, पण सुरक्षा अपडेट मिळत असतील असाच. कपाटातला जुना, अपडेट थांबलेला फोन याहून वाईट. वेगळा फोन शक्य नसेल तर वर्क प्रोफाइल किंवा अँड्रॉइड १५ पासूनची प्रायव्हेट स्पेस (दोन्ही म्हणजे त्याच फोनमधला वेगळा कप्पा) वापरा. मात्र प्रायव्हेट स्पेस कुलूपबंद असताना तिच्यातली अ‍ॅप थांबतात आणि मेसेज आल्याचं कळत नाही, हे धरून चाला. नावं आद्याक्षरांनी सेव्ह करा. 'अमुक नैराश्य', 'तमुक व्यसन' असं कधीच नको.

नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद ठेवा. अँड्रॉइड ११ पासून 'नोटिफिकेशन हिस्टरी' नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर बाजूला सारलेली नोटिफिकेशन्स २४ तास वाचता येतात, मूळ मेसेज पुसला तरी. ती बंद आहे ना, बघून घ्या.

पाणवठा

कुलूपकिल्ली यांनी तुमच्या बाजूचं नीट सांगितलं आहे. क्लायंटची बाजू जास्त नाजूक असते आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही. पहिल्या भेटीतच विचारा: तुमचा फोन आणखी कोण उघडतं? तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर सुरू आहे का? आयफोन असेल तर तेच अ‍ॅपल खातं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा मुलांच्या टॅबवर आहे का? तसं असेल तर मेसेज आणि कॉलची यादी तिकडेही दिसू शकते. कोणत्या वेळी फोन करू नये?

दुसऱ्या कुणी फोन उचलला तर काय म्हणायचं तेही दोघांनी ठरवून ठेवा. फक्त नाव सांगायचं, "नंतर करते" म्हणायचं, काम सांगायचं नाही. क्लायंटच्या फोनमध्ये तुमचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह असावा हे त्यांना ठरवू द्या. कॉलर आयडीच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या नंबरापुढे काय झळकतं ते दुसऱ्या फोनवरून तपासा. अशी अ‍ॅप लोकांनी सेव्ह केलेली किंवा सुचवलेली नावं दाखवू शकतात, म्हणजे तुम्ही कितीही जपलंत तरी पडद्यावर 'मानसोपचार' येऊ शकतं. गाडीतल्या ब्लूटूथचाही विचार करा. गाडी सुरू झाली की चालू कॉल स्पीकरवर जातो.

घरात हिंसा किंवा पाळत असल्याचा संशय असेल तर मोठी सावधगिरी हवी. फोनमध्ये पाळतीचं अ‍ॅप असेल तर सिग्नलही उपयोगाचं नाही, कारण ते पडद्यावरचंच वाचतं. आणि "ते अ‍ॅप काढून टाका" असा सल्ला लगेच देऊ नका. ते बंद पडलं की पाळत ठेवणाऱ्याला समजतं आणि धोका त्याच दिवशी वाढू शकतो. आधी सुरक्षिततेची योजना, तीही मैत्रिणीच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या दुसऱ्या फोनवरून बोलून.

शांतरेषा

मनापासून आभार. फोनवरच्या सेशनसाठी साधा कॉल चालेल का? आणि तिसरा प्रश्न राहिलाच: मजकूर ठेवायचा की पुसायचा? सिग्नलमधले आपोआप पुसले जाणारे मेसेज आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी यांचा मेळ लागत नाही.

निळीशाई

मेळ लागतो, पण फोन म्हणजे फाइल नव्हे हे आधी ठरवावं लागतं. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं जे काही मेसेजमध्ये आलं (स्वतःला इजा करण्याचा विचार, औषध बंद करणं, मारहाण), ते त्याच दिवशी तारीख आणि वेळेसह फाइलमध्ये नोंदवा. धोक्याबद्दलचा मजकूर असेल तर शब्दशः उतरवा आणि तुम्ही काय उत्तर दिलंत तेही लिहा. वेळ ठरवण्याच्या देवाणघेवाणीची एक ओळ पुरते. हे झाल्यावर फोनमधलं जाऊ द्या. सिग्नलमध्ये मेसेज आपोआप पुसण्याचा टायमर ४ आठवड्यांचा ठेवला तर नोंद करायला पुरेसा अवधी मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस हेच पर्याय आहेत. समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला तर टायमर काही करू शकत नाही. आणि वाद, तक्रार किंवा कोर्टाची नोटीस आली असेल तर पुसणं तिथल्या तिथे थांबवा, टायमरसकट.

कायद्याचं तुमच्या ठिकाणचं बंधन तपासाच. अमेरिकेतल्या हिपासारख्या (आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या) कायद्यात सेवा देणाऱ्या कंपनीशी लेखी करार लागतो आणि सिग्नल किंवा साधं व्हॉट्सअ‍ॅप असा करार करत नाहीत. युरोपात जीडीपीआरचं (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचं) कलम २८ असाच करार मागतं. तिथे आरोग्यसेवेसाठी बनवलेली, करार देणारी सेवाच घ्यावी लागते.

संमतीपत्रात मेसेजबद्दल वेगळा परिच्छेद हवा: कोणतं माध्यम, कशासाठी (माझ्या मते फक्त वेळेसाठी), उत्तर कोणत्या वेळेत मिळेल, रात्री मेसेज पाहिले जात नाहीत, आणि जिवाला धोका वाटला तर मेसेजची वाट न पाहता कोणत्या नंबरावर फोन करायचा. तोच आपत्कालीन नंबर आपोआप जाणाऱ्या उत्तरातही घाला. रात्रीच्या लांब मजकुराला मेसेजवर उपचार सुरू करू नका. "वाचलं. गुरुवारी यावरच बोलू." एवढं लिहा, पण मजकुरात धोक्याची खूण असेल तर लिहीत बसू नका, थेट फोन करा.

सेशनसाठी साधा कॉल एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नसतो, म्हणून सिग्नलचा ऑडिओ कॉल बरा. सुरुवातीला दोनच प्रश्न: आत्ता कुठे आहात, आणि आजूबाजूला कुणी आहे का. ठिकाण लिहून ठेवा, मदत पाठवायची वेळ आली तर तेच लागतं. कॉल तुटला तर फोन तुम्हीच करणार, हे आधी ठरवा. दोघंही एकाच वेळी लावत राहिले की दोघांनाही एंगेज मिळतो. इंटरनेट ५ मिनिटांत परतलं नाही तर साध्या कॉलवर फक्त पुढची वेळ ठरवा. आणि फोनमधलं आपोआप कॉल रेकॉर्डिंग बंद आहे ना, ते आधी पाहा. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते एकदा सुरू केलं की प्रत्येक कॉलची फाइल साठत राहते.

तारयंत्र

दोन गोष्टी राहिल्या. कॉल फॉरवर्डिंग: बहुतेक जीएसएम नेटवर्कवर *#२१# डायल केलं की सगळे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं, *#६२# ने फोन बंद असतानाचं. अनोळखी नंबर दिसला तर ##००२# ने सगळं रद्द होतं. "हा कोड डायल करा" असं सांगणारा अनोळखी फोन आला तर करू नका, फॉरवर्डिंग असंच लावून घेतात.

फोन हरवला तर क्रम महत्त्वाचा. दुसऱ्या यंत्रावरून गुगल खात्यात जाऊन फोन लॉक करा, मिळण्याची आशा नसेल तर पुसा. मग सिम बंद करून त्याच नंबराचं नवं घ्या. नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल नोंदवलं की हरवलेल्या फोनवरचं खातं बंद होतं. टू-स्टेपचा पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपसाठी ७ दिवस थांबावं लागतं, तेव्हा ईमेल आजच जोडा. सिमलाही पिन लावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येणार नाहीत. तीनदा चुकलात तर पीयूके (सिम पुन्हा उघडण्याचा कोड) लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी. म्हणून पीयूके फोनमध्ये नको, कागदावर.

प्रॅक्टिस बंद केली किंवा नंबर बदलला तरी जुना नंबर लगेच सोडू नका. बंद नंबर कंपन्या काही काळाने नव्या ग्राहकाला देतात आणि जुन्या क्लायंटचा अडचणीतला मेसेज त्याच्याकडे जातो. उलट बाजूनेही हेच घडतं: बऱ्याच महिन्यांनी परतणाऱ्या क्लायंटला पहिला मेसेज करताना नाव, वेळ काहीच घालू नका. नंबर अजून त्यांचाच आहे याची आधी फोनवर खात्री करा.