गाइड मे महिन्यात निवृत्त होताहेत, शाळेत नोकरी चालून आली आहे. पीएच.डी. सोडावी का?

पाटस्थळ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, वय 33. इतिहासात एम.ए., बी.एड. आणि सेट झालंय. मार्च 2023 मध्ये पीएच.डी.ची नोंदणी झाली. विषय: पेशवेकाळातली सातारा भागातली पाणीव्यवस्था, 1750 ते 1818. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) नाही. कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळतात त्या तत्त्वावर, तास घेते. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत, आणि झालेल्या तासांचे पैसेसुद्धा कधी हातात पडतील ते सांगता येत नाही.

कोर्सवर्क झालं, सहामाही सादरीकरणं वेळच्या वेळी झाली. एक प्रकरण लिहून झालंय. बाकी सगळं वह्यांमध्ये आहे. अशा 11 वह्या भरल्यात.

पहाटेची एसटी पकडून पुण्याला जायचं, कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मागवायचा आणि संध्याकाळपर्यंत उतरवून घ्यायचं, असं चाललंय. मोडी मी कोर्सला शिकले होते, पण छापील पुस्तकातली मोडी वेगळी आणि घाईत बोरूने लिहिलेली वेगळी. आधी आडवी रेघ ओढून ठेवलेली, तिच्याखाली अक्षरं सलग, शब्द कुठे तुटतो ते आपणच ओळखायचं. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दप्तरी कागदांवर वापरलेल्या कालगणनेतला सुहूर सन 1172, म्हणजे इसवी 1771–72, हे आता बोटं न मोजता येतं. पहिल्या वर्षी त्यात अर्धा दिवस जायचा.

आता अडचण. माझे सर मेअखेर निवृत्त होतात. आणि गावापासून 14 किलोमीटरवरच्या एका खाजगी शाळेत जूनपासून पूर्णवेळ शिक्षिकेची जागा मिळतेय, दर महिन्याला ठरलेला पगार. सहायक प्राध्यापकासाठी सेट पुरते, पीएच.डी.ची सक्ती 2023 मध्येच काढली. मग मी ही का करतेय, असं घरचे विचारतात. रागाने नाही, काळजीनेच. सासूबाई माझ्या मुलीला सांभाळतात म्हणून तर मी पुण्याला जाऊ शकते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सोडू का?

बोरू_आणि_शाई

ताई, मोडीतल्याच कागदांवर माझी पीएच.डी. झाली, म्हणून लिहिते.

सोडायचं की नाही हे नंतर ठरवा. त्याआधी विषयाकडे बघा. 68 वर्षं आणि अख्खा सातारा भाग, यात तीन जणांच्या पीएच.डी. होतील. एकटीने हे पेलणार नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही. नोंदणीच्या वेळी विषय भारदस्त दिसावा म्हणून सगळेच मोठं शीर्षक देतात. मीही दिलं होतं. चौथ्या वर्षी माझ्या टिपणांनी एक लोखंडी ट्रंक भरली होती आणि लिहायला बसलं की दोन पानांपुढे सरकत नव्हतं, कारण प्रत्येक वाक्याला ‘पण दुसऱ्या परगण्यात असं नव्हतं’ हे जोडावं लागायचं.

शेवटी मी एक परगणा आणि 20 वर्षं एवढंच ठेवलं. पाऊण ट्रंक बाजूला गेली. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या 14 महिन्यांत प्रबंध लिहून झाला.

एक विचारते. त्या 11 वह्यांमधला कुठला कागद तुम्हाला वही न उघडता आठवतो?

नियमवाला

गाइडबद्दल घाबरू नका. तुमची नोंदणी मार्च 2023 ची, म्हणजे यूजीसीचे नोव्हेंबर 2022 चे नियम तुम्हाला लागू. त्यांनुसार निवृत्तीनंतर सर सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाच्या 70 वर्षांपर्यंत. मुख्य मार्गदर्शक मात्र सेवेतला हवा. सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठच विद्यार्थी घेता येतात, तेव्हा कुणाकडे जागा आहे ते आजच बघा. मे उजाडू देऊ नका. सर खुर्चीवर असताना मार्गदर्शक बदलाचं पत्र गेलं तर ते हलतं.

मुदत सहा वर्षं, म्हणजे मार्च 2029. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात आणि स्त्रियांना आणखी दोन. नोकरी करूनही पीएच.डी. करता येते, अर्धवेळ पद्धत मान्य आहे. संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यात अभ्यासाला वेळ देऊ असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. पूर्णवेळचं अर्धवेळ कसं करायचं ते विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

सोडलेला

वेगळं मत मांडतो. मी रसायनशास्त्रातली पीएच.डी. पाचव्या वर्षी सोडली. जेआरएफची दोन आणि त्यापुढच्या एसआरएफ शिष्यवृत्तीची तीन वर्षं संपली, वडील आजारी पडले, प्रयोग जुळत नव्हते. आज तारापूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि काम मनापासून आवडतं. सोडणं म्हणजे हरणं नाही. पण मी सोडलं तेव्हा त्या विषयाबद्दल मला काहीच वाटत नव्हतं, सहा महिने वही उघडली नव्हती. ताई, तुम्ही तर सुहूर सनाबद्दल अख्खा परिच्छेद लिहिलाय.

पाटस्थळ

सगळ्यांचे आभार. बोरू ताई, तुमचा प्रश्न चार दिवस डोक्यात होता. कागद आठवला, लगेच आठवला.

1771–72 सालचा आहे. वाई प्रांतातल्या एका गावाची तक्रार: वरच्या गावाने पाट अडवला, आमची पाण्याची पाळी बुडाली, पाटस्थळातला (पाटाच्या पाण्यावरच्या जमिनीतला) ऊस वाळला, तर सारा जिराईत (कोरडवाहू) धरून घ्यावा. मागे कुळकर्ण्याने कोणत्या मळ्याला किती दिवस पाणी, ते ओळीने लिहिलंय. तो कागद उलगडला तेव्हा शाई वाळवायला टाकलेली वाळू अजून अक्षरांना चिकटलेली होती, तिरपा धरला की चमकायची. माझ्या बोटालाही दोन कण लागले होते.

आमच्या गावात आजही ‘पाळी’ हाच शब्द आहे. मागच्या उन्हाळ्यात माझे दीर रात्री दोनला उठून पाळीचं पाणी धरायला जायचे आणि पाळी चुकली म्हणून शेजारच्या मळ्याशी बोलणं तुटलं, ते अजून जुळलेलं नाही. सासूबाईंना हा कागद वाचून दाखवला, मोडीतून थेट. त्या पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, “मग निवाडा काय झाला?”

निवाडा मला माहीत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी रुमालात असेल.

काल सरांकडे जाऊन आले. वाई प्रांतातली एकच समत (काही गावांचा लहान विभाग) आणि 1761 ते 1795 एवढाच काळ, विषय पाणी कुणाचं आणि त्याचे तंटे कसे सुटायचे. सर बराच वेळ कागद बघत राहिले, मग म्हणाले, “हे आधीच करायला हवं होतं, मी सांगायला हवं होतं.” पुढच्या सल्लागार समितीच्या बैठकीत शीर्षक बदलाचा अर्ज ठेवतो म्हणाले. विभागातल्या एका मॅडमकडे एक जागा रिकामी आहे, त्यांना उद्या भेटणार.

शाळेला होकार कळवलाय. ना हरकत पत्राचं पहिल्याच भेटीत बोलले, मुख्याध्यापकांनी शनिवार मोकळा ठेवतो म्हणून सांगितलं. नियमवाले दादा, ते लेखी घेते.

11 पैकी सात वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. सोमवारी पुण्याला जातेय. 1772–73 चा रुमाल मागवणार आहे, सासूबाई रोज विचारताहेत.