राधानगरीच्या काठाने मोटारहोम: रात्री गाडी लावायची कुठे?

रंकाळावेस: ट्रॅव्हलरच्या बॉडीवर बांधलेली मोटारहोम दोन रात्रींसाठी भाड्याने मिळत आहे. आम्ही चौघे, त्यात दोन लहान मुलं. कोल्हापूर, राधानगरी, लक्ष्मी तलावाच्या काठाने दाजीपूर आणि परत, असा बेत आहे. नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबर. पाण्याच्या अगदी कडेला गाडी लावून मुक्काम करता येईल का? आणि पाणी, वीज, संडासाची टाकी यांचं गणित कसं बसवायचं?

घाटवाट: पाण्याच्या कडेचा नाद आधी सोडा. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. वरून भेगाळलेली, कोरडी दिसते, पण चार बोटांखाली लोण्यासारखा गाळ असतो. सामान आणि पाणी भरलेली अशी गाडी चार टनांच्या आसपास जाते आणि बहुतेक भार मागच्या जोडचाकांवर येतो. जागा पारखायची तर पहार घेऊन उतरा. नुसत्या हातानं दाबून ती वीतभर आत गेली, तर तिथं गाडी न्यायची नाही. जांभ्याचा कातळ किंवा मुरूम टाकलेलं आवार चालतं, भाताची रिकामी खाचरं चालत नाहीत.

तरीही रुतलीच तर रेस देऊ नका, चाक फिरेल तेवढं खाली जातं. हवा निम्म्याच्या आसपास उतरवा, चाकापुढची माती काढा, फळ्या किंवा रिकामी पोती घाला आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश काढा. ट्रॅक्टर बोलावला तर दोर चेसिसच्या हुकाला, बंपरला नव्हे. मग हवा भरल्याशिवाय डांबरावर पळवायची नाही, आणि जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का तेही बघायचं. तो तसाच राहिला तर टायर आतून कापतो.

मुक्कामाला राधानगरी गावाच्या बाजूचं किंवा दाजीपूर रस्त्यावरचं एखादं हॉटेल, कृषी पर्यटनाचं आवार, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं बघा. धरणाचा काठ पाटबंधारे खात्याचा, पुढची झाडी वनखात्याची. विचारल्याशिवाय लावलेली गाडी रात्री अकराला हलवावी लागली की मुलांची झोप गेलीच म्हणून समजा. फोनवर जागा ठरवताना तीनच गोष्टी विचारा: फाटकाची रुंदी, आत वरून लोंबणाऱ्या तारा, आणि गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करता येतं का. खोलीचे फोटो मागवून काय उपयोग?

उद्यमनगरी: गणित माझ्याकडून घ्या. चौघांना माणशी दिवसाला 15 लिटर धरले तर दोन दिवसांचे 120 लिटर, म्हणजे 120 किलो वजन. पिण्याचं वेगळं. शॉवर सुरू ठेवून आंघोळ केली तर हे एका सकाळीच संपेल, तेव्हा बादली आणि तांब्या.

कॅसेट टॉयलेटची, म्हणजे बाहेर काढून रिकामी करायच्या संडासाची, टाकी साधारण 18-20 लिटरची असते. चौघांना ती जेमतेम दोन दिवस पुरते, म्हणून दिवसा हॉटेलचं स्वच्छतागृह वापरा. रिकामी करायची ती फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, मालकाला विचारून. टाकीत घालायचं औषध मापातच घाला, जास्त झालं तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मालक पुन्हा दारात उभं करत नाही. भांड्यांचं पाणीही ओढ्यात सोडू नका, काठावरच्या गावांना तेच प्यायचं असतं.

वीज: 12 व्होल्ट 200 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सुमारे 2.5 युनिट असतात. फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो, दोन पंखे रात्रभर अर्ध्या युनिटच्या आतच. दोन रात्री आरामात निघतात. एक टनाचा एसी लावलात तर दोन-अडीच तासांत बॅटरी बसलीच.

बाहेरून वीज घ्यायची तर 15 अँपिअरचा पॉइंट, 2.5 चौरस मिमीची तांब्याची केबल. ती रिळावरून पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली तापून वितळते. आधी अर्थिंग आणि व्होल्टेज तपासा. शेतीच्या लाइनवर संध्याकाळी 180 च्या खाली गेलं तर एसीचा कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता गरम होऊन ट्रिप मारतो.

घाटवाट: डिसेंबरात दाजीपूरला एसी कशाला हवा, भावा? गोधड्या वाढवा.

उद्यमनगरी: ते बरोबर. पण थंडी आहे म्हणून सगळ्या काचा बंद करून आत शेगडी पेटवू नका. शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर फरशीलगत साठते, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूनं भोक हवंच. गाडी ताब्यात घेताना ते आधी बघा.

तांबडापांढरा: रस्त्याचं थोडं. कोल्हापूर ते राधानगरी सुमारे 55 किलोमीटर, पण तेव्हा ऊसतोड जोरात असते. परिते परिसरात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात, काहींना मागे दिवाच नसतो. अंधार पडायच्या आत राधानगरी गाठा. पुढच्या जंगलपट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला की थांबा, दिवे मंद करा, हॉर्न नको. कळपातला एक पार झाला की मागून दुसरा येतोच.

गाडी लावल्यावर गिअर, हँडब्रेक आणि चाकाला उटी (घसरू नये म्हणून लावायची पाचर), तिन्ही. वाळक्या गवतावर किंवा पाचटावर तापलेली गाडी उभी करू नका, सायलेन्सरनं पेट घेतो.

रंकाळावेस: म्हणजे काठ दिवसा, मुक्काम आवारात. आणि हाच बेत जुलैत केला तर?

घाटवाट: जुलैत नको. धरण भरलं की सातही स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडू शकतात, भोगावतीचं पात्र बघता बघता चढतं. खालच्या अंगाला नदीकाठी तेव्हा गाडी उभी करायची नसते, आणि वरच्या काठावर मुरूमही भिजून गाळच झालेला असतो.