मदत हवी आहे: घर एकच, पत्ते तीन. वंशावळीत गावाचं नाव काय टाकू?

मंडळी, आमच्या घराण्याची वंशावळ ऑनलाइन चढवतोय आणि जागेच्या रकान्यात पार अडकलोय. गाव कुडाळजवळ. आजोबा जन्मले 1921 ला, तेव्हा सावंतवाडी संस्थान. बाबा 1952 चे, तोवर संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्हा झालेला, राज्य मुंबई. मी 1983 चा, म्हणजे सिंधुदुर्ग. तिघेही त्याच घरात त्याच माजघरात जन्मलो, पण साइटवर बघाल तर वाटतं आम्ही दर पिढीला बिऱ्हाड हलवत होतो! काकीला सांगितलं तर म्हणते, "गाव खंय उठान गेलो? थंयच असा."

मी टाइप करायला गेलो की खाली यादी येते, त्यात कुडाळ, सिंधुदुर्ग, महाराष्ट्र एवढंच, आता 1921 ला कुठला सिंधुदुर्ग, तो तर 1981 ला झाला, आणि महाराष्ट्र 1960 चा. कोतवाल बुकाचा (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा) मोडी उतारा वाचून घेतलाय त्यात सरळ संस्थान लिहिलंय, ते सोडून द्यायचं मन होत नाही.

दुसरं म्हणजे बाबांच्या आत्येला पालीत दिलेली, हातखंब्याजवळची पाली. साइटने आपणहून ती राजस्थानातल्या पालीला जोडली आणि माझ्या लक्षात यायच्या आत अमेरिकेतल्या भाच्याने बघितलं, विचारतो मामा आपण मूळचे राजस्थानचे का?? आता आजचं नाव टाकू की तेव्हाचं?

प्रतिसाद 1: आजचंच टाका हो, पोरांना नकाशावर गाव सापडलं पाहिजे ना. संस्थान वगैरे त्यांना काय कळणार.

प्रतिसाद 2: वरच्यांशी सहमत नाही. जन्म ज्या साली, त्या सालचं नाव. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कागदावरचं नाव आणि नकाशाची खूण. बऱ्याच साइटवर आपण लिहिलेलं तसंच राहतं आणि यादीतलं नाव नुसतं मागे जोडलं जातं. तेव्हा आजोबांना "कुडाळ, सावंतवाडी संस्थान" लिहा आणि जोडताना आजचं कुडाळ निवडा. उताऱ्याचा फोटो चिकटवा, टीपेत एक ओळ की संस्थान 1948 ला विलीन झालं, नाहीतर उद्या कोणी शहाणा चूक समजून "दुरुस्त" करेल. पालीचं जोडलेलं काढून हाताने रत्नागिरी तालुका निवडा, सुधागडातली गणपतीची पाली नको, ती रायगडात. खेडचं पण असंच, आपलं एक आणि पुण्याकडचं एक, ज्याला आता राजगुरुनगर म्हणतात. आणि जुने इंग्रजी कागद असतील तर वेंगुर्ल्याचं विंगोर्ला झालेलं दिसेल, तेही शोधून बघा.

धागाकर्ता: प्रतिसाद 2, लाख आभार, आजोबांचं तसंच केलं. पाली पण जाग्यावर आली, भाच्याला कळवलं, जरा हिरमुसलाय. आता एकच राहिलं, यादीत आमची वाडीच नाही आणि गावात आमच्या आडनावाची घरं चार वाड्यांत आहेत, वाडी वगळली तर चुलत्यांची सरमिसळ होणार. वाडीचं नाव गावाच्या आधी लिहू की टीपेत? कोणी केलंय का असं?