मदत हवी आहे: नाटकाच्या फोटोंसाठी कॅमेरा

प्रेक्षकांत बसून नाटकाचे फोटो काढायचे आहेत. फ्लॅश नाही, शटरचा आवाज नाही, आणि मनगट दुखरं असल्याने लेन्ससकट वजन एक किलोच्या आत. व्हिडिओ नको, प्रिंट फार तर ए४.

रिव्ह्यूंमध्ये वरच्या नंबरावर असलेला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा मागून आणून वापरला. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० लाही चित्र सुरेख (गुण उगीच मिळालेले नाहीत!), पण ७०-२०० एफ/२.८ ही दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स लावल्यावर पहिल्या अंकातच हात भरून आला. त्यामुळे मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि ३५-१०० एफ/२.८ लेन्सकडे कल आहे. दृश्यकोन तोच, वजन बरंच कमी. नॉइज (चित्रातले दाणे) वाढेल, तो चालेल.

अडलंय सायलेंट (बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर: रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात म्हणे. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा, शटरचा वेग बदलून ते पुरते जातात, की मेकॅनिकल (पडदा हलणारं, आवाज करणारं) शटरच लागतं?